दुव्याचे प्रामाण्य

महाजालावरील एखाद्या पानावरच्या काही शब्दांना दुसऱ्या पानाचा पत्ता जोडलेला असतो आणि त्या शब्दांवर क्लिक केले की वाचक त्या दुसऱ्या पानावर पोहोचतो. या जोडणीला मराठीत दुवा म्हणतात, आणि ज्या पानाकडे तो नेतो त्या पानाच्या दृष्टीने तोच ‘येणारा दुवा’, म्हणजे व्यवसायातील लोकांच्या बोलण्यातली ‘बॅकलिंक’ ठरतो. शोधयंत्राच्या निकालात कोणते पान वर यावे आणि कोणते खोल गाडले जावे, हे ठरवताना या येणाऱ्या दुव्यांना गेली पंचवीसहून अधिक वर्षे वजन मिळत आले आहे, आणि त्यामुळेच असे दुवे मिळवणे, मागणे, विकत घेणे, प्रसंगी चोरून पेरणे हा जगभर पसरलेला धंदा झाला आहे. प्रस्तुत व्याख्यानात या धंद्याचा इतिहास येतो, परंतु त्याचे मुख्य प्रतिपादन असे की एखाद्या भाषेतील संकेतस्थळांकडे येणारे दुवे वाढावेत अशी इच्छा असेल, तर त्या भाषेत लिहिणाऱ्यांना दुसऱ्याकडे जाणारे दुवे देण्याची सवय असावी लागते, आणि मराठीत ही सवय फार दुबळी आहे.

दुव्याला आज जे मोल आहे ते एका जुन्या निर्णयातून आले. टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकात ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द घडवला, तेव्हा त्यांच्या कल्पनेतील दुव्याला दोन्ही टोके होती. ज्याच्याकडे दुवा जातो त्यालाही तो दिसावा, अशी ती योजना होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाचा प्रस्ताव मांडताना हा आग्रह सोडला आणि दुवा एकाच दिशेचा ठेवला. दुवा देण्यासाठी कोणाचीही परवानगी लागणार नाही, कुठे नोंद करावी लागणार नाही, आणि ज्याच्याकडे तो गेला त्याला त्याची वार्ताही नसेल, असे त्याचे स्वरूप झाले. याची किंमत अशी की समोरचे पान हलवले गेले किंवा नाहीसे झाले तर दुवा मुकाट्याने तुटतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. पण याच एकदिशा स्वरूपामुळे दुवा हा देणाऱ्याच्या खुशीचा मामला राहिला. ज्या पानाविषयी तो बोलतो त्या पानाच्या मालकाचा त्याच्यावर ताबा नसल्यामुळे, त्या पानाविषयीची तटस्थ साक्ष म्हणून त्याच्याकडे पाहता येऊ लागले.

शोधयंत्रांना ही गोष्ट लगेच सुचली नाही. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने डिसेंबर १९९५ मध्ये सुरू केलेले अल्टाव्हिस्टा हे त्या काळातील नावाजलेले शोधयंत्र होते, आणि त्याच्यासारखी यंत्रे मुख्यतः पानावरील शब्द पाहत: शोधलेला शब्द पानात आहे का, शीर्षकात आहे का, किती वेळा आला आहे. पानाविषयी पानच जे सांगेल ते खरे धरायचे, असा हा व्यवहार होता, आणि त्याचा गैरफायदा घेणे सोपे होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला की वाचकाला तो दिसत नसे, यंत्राला मात्र दिसे. पुढे गूगलची स्थापना करणाऱ्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात नोंदवले आहे की नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यापारी शोधयंत्रांपैकी फक्त एकालाच, स्वतःचे नाव शोधले असता, पहिल्या दहा निकालांत स्वतःचे पान सापडत होते.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट संगणकशास्त्रापेक्षा ग्रंथालयशास्त्राने आधी मळून ठेवली होती. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून न्यायनिवाड्यांची एक सूची चालवली, जिच्यावरून एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांनी घेतला, हे वकिलाला पाहता येई. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शास्त्रीय लेखनासाठी तशीच सूची असावी असे सुचवले, आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आला. नेहमीची संदर्भसूची मागे पाहते, म्हणजे लेखकाने कोणाचे वाचले ते सांगते. गारफील्ड यांची सूची पुढे पाहते, म्हणजे त्या लेखकाला नंतर कोणी वाचले ते सांगते. गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नरिन यांनी १९७६ मध्ये आणखी एक पाऊल टाकले: सगळे संदर्भ सारखे मोजायचे नाहीत, ज्या नियतकालिकाला स्वतःला मान आहे त्याने घेतलेला संदर्भ जड धरायचा, आणि तो मान पुन्हा याच हिशेबातून काढायचा. वर्तुळात फिरणारी वाटणारी ही व्याख्या गणिताने सुटते, आणि पुढे पेजरँक या नावाने जगाला माहीत झालेल्या रीतीचा गाभा तोच आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात पेज आणि ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास ‘बॅकरब’ नावाने जे शोधयंत्र उभारले, त्याच्या नावातच मागे येणाऱ्या दुव्यांचा निर्देश होता. १९९८ च्या पेजरँकविषयीच्या अहवालावर त्यांच्याबरोबर टेरी विनोग्राड आणि जम्मूत जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले राजीव मोटवानी यांचीही नावे आहेत. त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनी चांगल्या माहितीची पाने आणि त्या पानांची चांगली यादी देणारी पाने असा भेद करणारी रीत मांडली, आणि रॉबिन ली यांनी, ज्यांनी पुढे चीनमध्ये बायडू हे शोधयंत्र स्थापन केले, १९९६ मध्येच दुव्यांवर आधारलेली क्रमवारी बांधली होती. एकाच काळात तीन ठिकाणी एकच विचार उगवावा, यावरून दुव्यांत साठलेली माहिती किती उघड वाट पाहत होती, हे ध्यानात येते.

पेजरँकची आकडेमोड एका लहान उदाहरणाने समजते. महाजालावर क, ख आणि ग अशी तीनच पाने आहेत असे धरावे. क वरून ख आणि ग या दोघांकडे दुवे जातात, ख वरून फक्त ग कडे आणि ग वरून फक्त क कडे. प्रत्येक पान आपल्याजवळचे वजन आपण दिलेल्या दुव्यांत सारखे वाटून टाकते, आणि प्रत्येक पानाचे नवे वजन म्हणजे त्याला मिळालेल्या वाट्यांची बेरीज. एकूण वजन १ धरून ही वाटणी पुन्हा पुन्हा केली, तर आकडे क ला ०.४, ख ला ०.२ आणि ग ला ०.४ असे स्थिरावतात. ग कडे दोन दुवे आले आहेत आणि क कडे एकच, तरी दोघांचे वजन सारखे आहे. कारण क कडे आलेला एकमेव दुवा वजनदार ग ने दिला आहे आणि ग ने तो दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. ख कडेही एकच दुवा आहे, पण तो देणाऱ्याने आपले वजन दोघांत वाटल्यामुळे त्याच्या पदरात निम्मेच पडते. येणाऱ्या दुव्यांची नुसती संख्या सांगून भुलवणाऱ्या प्रत्येक जाहिरातीचे उत्तर या तीन पानांच्या उदाहरणात आहे.

प्रत्यक्ष रीतीत आणखी एक दुरुस्ती होती. दुव्यामागून दुवा धरत भटकणारा एक काल्पनिक वाचक कल्पून, तो शंभरातून पंच्याऐंशी वेळा समोरच्या पानावरील एखादा दुवा घेतो आणि पंधरा वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, असे धरले जाई. या उडीमुळे एकमेकांकडेच दुवे देत बसलेल्या पानांच्या टोळक्यात सगळे वजन अडकून पडत नसे. ३२.२ कोटी दुव्यांच्या संचावर हे गणित सुमारे ५२ फेऱ्यांत पुरेसे स्थिर होते, असे १९९८ च्या अहवालात दिले आहे. याखेरीज दुवा ज्या शब्दांना जोडलेला असतो ते शब्द, ज्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात, तेही गूगलने ज्या पानाकडे दुवा जातो त्या पानाच्या खात्यात जमा केले. पान स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर लोक त्याला काय म्हणून हाक मारतात, हे अनेकदा अधिक नेमके असते. मराठी संकेतस्थळांवर ‘येथे क्लिक करा’ या शब्दांना जोडलेले असंख्य दुवे या दृष्टीने जवळजवळ वाया जातात. त्यांच्या जागी ‘पुणे जिल्ह्यातील ताम्रपटांची सूची’ असे शब्द असते, तर यंत्राला आणि वाचकाला दोघांनाही पुढे काय आहे ते कळले असते.

दुव्याच्या या सामर्थ्याचे मर्म वारकरी कीर्तनातील प्रमाणाच्या रीतीशी जुळते. निरूपण करताना कीर्तनकार आपल्या म्हणण्याला संतवचनाचे प्रमाण देतो. ते दुसऱ्याचे असते म्हणूनच त्याला बळ असते, त्यासाठी त्या संताला काही द्यावे लागलेले नसते, आणि प्रमाण चुकीचे किंवा अस्थानी दिले तर उणेपणा देणाऱ्याकडे येतो. दुव्यातही या तीन गोष्टी होत्या: तो परका होता, विनामोबदला होता आणि देणाऱ्याची पत त्यात गुंतलेली होती. शोधयंत्राने दुव्याला वजन दिले ते या तीन गुणांमुळे, आणि वजन दिल्याबरोबर या तिन्ही गुणांना धोका निर्माण झाला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण मांडले, की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते मोजमाप ढासळू लागते, ते येथे अक्षरशः लागू पडले.

ढासळण्याला तारीख देता येत नाही, पण २००० मध्ये गूगलने आपल्या टूलबारमध्ये प्रत्येक पानाचे पेजरँक शून्य ते दहा या मापावर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा दुव्याला जणू छापील किंमत मिळाली. कोणत्या पानावरील दुवा किती वजनाचा, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही पाहता येऊ लागले. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील सर्चकिंग ही कंपनी असे दुवे मिळवून देण्याचा व्यवसाय करत होती. २००२ मध्ये तिचे पेजरँक एकाएकी घसरले, तिने गूगलवर दावा लावला, आणि २००३ मध्ये संघीय न्यायालयाने, एखाद्या पानाला दिलेला क्रम हे गूगलचे मत आहे आणि मतस्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे, असे म्हणून दावा फेटाळला. या निकालाचे महत्त्व तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे ओळखले गेले नाही. कोट्यवधी लोकांना काय सापडेल हे ठरवणारा क्रम सार्वजनिक सेवेसारखा वापरला जातो, कायद्याच्या नजरेत मात्र तो एका खाजगी कंपनीचा अभिप्राय ठरला.

अँकर टेक्स्टचीही गत तीच झाली. २००३ मध्ये अनेकांनी संगनमताने ‘केविलवाणे अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांना अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयपानाचा दुवा जोडला आणि त्या शब्दांचा शोध घेणाऱ्याला ते पान सर्वांत वर दिसू लागले, जरी त्या पानावर ते शब्द कोठेही नव्हते. हा प्रकार बंद करणारी दुरुस्ती जानेवारी २००७ मध्ये आली. त्याआधी, जानेवारी २००५ मध्ये, गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्रितपणे ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. दुव्याच्या संकेतात ती घातली की वाचकाला दुवा वापरता येतो, पण त्याला क्रमवारीत सहसा वजन मिळत नाही. विकिपीडियावरील बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ही खूण असते, मराठी विकिपीडियावरीलही. आपल्या संकेतस्थळाचा पत्ता तेथील लेखात घुसवून क्रम वाढेल अशी आशा धरणारे लोक म्हणून दोनदा चुकतात: त्यांना वजन बहुधा मिळत नाही, आणि स्वयंसेवी संपादकांचे श्रम मात्र वाया जातात.

दुवे विकत घेण्याच्या मोहातून मोठ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की जे. सी. पेनी या अमेरिकी वस्त्रभांडाराकडे असंबद्ध विषयांच्या हजारो पानांवरून दुवे येत होते आणि त्यांच्या बळावर ते कपड्यांपासून अंथरूण-पांघरुणांपर्यंतच्या शोधांत अग्रभागी होते. कंपनीने आपल्याला याची कल्पना नव्हती असे सांगितले आणि क्रम सांभाळणाऱ्या संस्थेला काढून टाकले. त्याच वर्षी ओव्हरस्टॉक या दुकानाने विद्यार्थ्यांना व अध्यापकांना सवलत देऊ करून महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरून दुवे मिळवल्याचे निघाले. हे दुसरे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे, कारण तेथे रोख व्यवहार नव्हता. शिक्षणसंस्थेच्या प्रतिष्ठेचा वापर सवलतीच्या मोबदल्यात झाला, आणि संस्थेला आपण काय दिले याची जाणीवही नसावी. २०१२ च्या जानेवारीत खुद्द गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीत पैसे देऊन लिहवलेल्या मजकुरातून दुवा आल्याचे आढळले, तेव्हा गूगलने स्वतःच्या त्या पानाचाही क्रम साठ दिवसांसाठी खाली ढकलला.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जाणारा बदल लागू केला, आणि इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असे जाहीर केले. कृत्रिम दुव्यांवर उभी असलेली संकेतस्थळे एका रात्रीत खाली आली. ज्यांनी वर्षानुवर्षे दुवे विकत घेतले होते ते आता ते काढून टाकावेत म्हणून पत्रे लिहू लागले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय गूगलला करून द्यावी लागली. सप्टेंबर २०१६ पासून हा बदल मुख्य रीतीतच मिसळला, आणि बहुतेक बनावट दुव्यांना शिक्षा करण्याऐवजी त्यांचे वजन शून्य धरण्याचे धोरण आले. याच वर्षी टूलबारवरील पेजरँकचा आकडाही कायमचा मिटवला गेला.

तरी धंदा थांबला नाही. त्याने फक्त आपला आकडा बदलला. आज दुवे विकले जातात ते ‘डोमेन ऑथॉरिटी’ यांसारख्या आकड्यांवर, जे मॉझ यांसारख्या खाजगी कंपन्यांचे स्वतःचे अंदाज आहेत आणि गूगल ते वापरत नाही. मुदत संपलेले पत्ते विकत घेऊन त्यांच्या जुन्या पुण्याईवर नवी दुकाने थाटली जातात, वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील कोपरे भाड्याने घेतले जातात. भारतातील शासकीय आणि शैक्षणिक पत्त्यांवर विश्वास अधिक असतो म्हणून त्यांत शिरकाव करून जुगाराच्या संकेतस्थळांचे दुवे लपवले जातात, आणि महाविद्यालयाच्या पानावर असे काही आहे हे महाविद्यालयाला महिनोन्महिने कळत नाही. अगदी कमी पैशांत शेकडो बॅकलिंक देण्याचे आश्वासन देणारे प्रस्ताव लहान उद्योजकांच्या टपालात रोज पडतात. अशा दुव्यांचा लाभ बहुधा शून्य आणि हानी कधी कधी खरी असते. पण यापेक्षा मोठी हानी सार्वजनिक आहे. प्रत्येक विकलेला दुवा इतर सगळ्या दुव्यांच्या शब्दावरचा विश्वास थोडा कमी करतो, आणि शोधयंत्राला मग ओळखीच्या, बड्या, जुन्या संकेतस्थळांकडेच झुकावे लागते. नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक संकेतस्थळाच्या वाटेत सर्वांत मोठा अडथळा यातूनच उभा राहतो.

दुव्यांचे वजन पूर्वीइतके राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे; गूगलचे गॅरी इलियस यांनी २०२३ मध्ये दुवे हा पहिल्या तीन घटकांत नाही असे सांगितले होते. मजकूर, भाषा, वाचकाचे स्थान आणि हेतू यांची समज यंत्रांना आता खूपच आली आहे. परंतु ज्या भाषेत पुष्कळ मजकूर आणि दाट दुवे आहेत, त्या भाषेविषयी हे विधान जितके खरे आहे तितके मराठीविषयी असेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि तरी एखाद्या मराठी विषयावर लिहिलेले उत्तम पान दुसऱ्या एकाही मराठी पानाने दाखवलेले नसते. जाळे जेथे विरळ असते तेथे थोडे खोटे धागेही त्याचा आकार बिघडवतात.

या विरळपणाची कारणे तांत्रिक आणि सामाजिक अशी दोन्ही आहेत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे, पण त्यानंतरही दीर्घ काळ मराठी वृत्तपत्रे, शासकीय कार्यालये आणि छापखाने आपापल्या खास फाँटमध्येच काम करत राहिले. अशा फाँटमध्ये पडद्यावर ‘शिवनेरी’ दिसत असे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता असे. शोधयंत्राला ते पान मराठी आहे हेही कळत नसे, आणि त्या पानावरील दुव्यांचे शब्दही वाया जात. महाजालावरील मराठी वावराच्या पहिल्या काळातील कितीतरी लेखन असे मुके राहिले आणि पुढे संकेतस्थळांची नवी रचना करताना टाकून दिले गेले. पत्त्यांची अडचण अजूनही आहे. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता नकलून दुसरीकडे चिकटवला की बहुधा प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हे होतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे असल्यामुळे त्याची पंचेचाळीस अक्षरांची, टक्केचिन्हांनी भरलेली ओळ बनते. असा पत्ता पाहून वाचकाला तो फसवा वाटतो आणि लेखकाला तो देणे नकोसे होते. म्हणून पत्ता आखूड ठेवून मराठी शब्द शीर्षकात आणि दुव्याच्या शब्दांत ठेवणे, ही तडजोड बऱ्याच जाणत्या संपादकांनी स्वीकारलेली आहे.

सामाजिक कारण अधिक खोल आहे. मराठी लेख व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो तेव्हा त्याचा पत्ता गळतो, मग लेखकाचे नाव गळते, आणि शेवटी खाली ‘साभार’ एवढाच शब्द राहतो, कोणाचे आभार ते न सांगता. वृत्तपत्रे एखाद्या संस्थेच्या अहवालावर अर्धे पान लिहितात आणि त्या अहवालाकडे दुवा देत नाहीत. वाचक बाहेर जाईल ही भीती त्यामागे असते. वाचकाला बाहेर पाठवणारे संपादन हे दुबळे संपादन, ही समजूत चुकीची आहे. क्लाइनबर्ग यांच्या रीतीत चांगले दुवे देणाऱ्या पानालाही स्वतःचा मान होता, आणि मानवी वाचकही ज्या ठिकाणी त्याला योग्य वाट दाखवली गेली तेथेच परत येतो. छापील मराठीत हा संस्कार होता. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली तिच्यामागे, आणि कोशकारांच्या, इतिहाससंशोधकांच्या तळटिपांमागे, दुसऱ्याच्या कामाचा पत्ता नेमका नोंदवण्याची शिस्त होती. ही शिस्त कागदावरून पडद्यावर येताना वाटेत सुटली.

या पार्श्वभूमीवर येणारे दुवे मिळवण्याचे काम म्हणजे काय, याचा विचार करता येतो. दुसऱ्याला लिहिताना ज्याची गरज पडेल असे काहीतरी संकेतस्थळावर असणे, ही पहिली अट आहे: तालुक्याच्या पर्जन्यमानाच्या जुन्या नोंदी, एखाद्या किल्ल्याच्या टाक्यांची मोजमापे, सुतारकामातील शब्दांचा सचित्र कोश, शतकभर जुन्या वाचनालयाची सूची, देशी भातवाणांची माहिती. मते पुष्कळ असतात आणि त्यांना दुवे कमी मिळतात. नोंदी, तक्ते, नकाशे आणि मूळ कागदपत्रे यांना ते वर्षानुवर्षे मिळत राहतात. दुसरी गोष्ट, मिळालेले दुवे गमावू नयेत. संकेतस्थळाची रचना बदलली की जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे वळण लावून द्यावे लागते, ज्याला तंत्रज्ञ ३०१ पुनर्निर्देशन म्हणतात. एवढे न केल्यामुळे मराठी संस्थांनी जितके दुवे गमावले आहेत तितके कोणतीही मोहीम मिळवून देणार नाही. मग, जेथे संस्थेचे नाव आले आहे पण दुवा नाही तेथे सभ्य पत्र लिहून तो मागावा, आणि जेथे दुवा तुटला आहे तेथे नवा पत्ता कळवावा; यात खरेदी नाही आणि लाचारीही नाही. एकाच संकेतस्थळाच्या तळपट्टीत शंभर पानांवर उमटणाऱ्या दुव्यापेक्षा दहा वेगवेगळ्या जाणकारांनी मजकुराच्या ओघात दिलेले दहा दुवे अधिक मोलाचे असतात. आणि जेथे जाहिरातीचे पैसे घेतले असतील तेथे दुव्याला २०१९ पासून उपलब्ध असलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावणे, हे वाचकाशी आणि यंत्राशी सरळ वागणे आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की चांगले काम करूनही दुवे येत नाहीत. आक्षेप खरा आहे. आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी १९९९ मध्ये दाखवले की महाजालासारख्या वाढत्या जाळ्यात नव्या दुव्याचा जेथे आधीच दुवे आहेत तेथेच जाण्याकडे कल असतो, आणि शोधयंत्र हा कल आणखी वाढवते, कारण जे वर दिसते तेच पाहिले जाते आणि जे पाहिले जाते त्यालाच पुढचा दुवा मिळतो. लहान संकेतस्थळ एकट्याने हा कल मोडू शकत नाही. तो मोडता येतो एका क्षेत्रात काम करणाऱ्यांनी एकमेकांचे काम वाचून, पटले तेथे आणि पटले नाही तेथेही, नेमका दुवा देऊन. ठरवून केलेल्या देवाणघेवाणीपेक्षा हे निराळे आहे, कारण येथे दुवा आधी वाचनातून येतो.

अशा कामाची सुरुवात करण्याचे सामर्थ्य महाराष्ट्रात विशेषतः दोन प्रकारच्या संस्थांकडे आहे. विद्यापीठे हा पहिला प्रकार. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात मराठी प्रबंधांना कायमस्वरूपी पत्ते मिळालेले आहेत, पण त्या प्रबंधांतील संदर्भसूच्या बहुधा नुसत्या अक्षरांच्या, कधी तर नुसत्या चित्राच्या स्वरूपात आहेत, आणि त्यांतील नोंदीवरून सहसा दुसऱ्या प्रबंधाकडे जाता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शासन. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या आरंभी सामान्यतः ‘वाचा’ असे लिहून त्याखाली आधीच्या ज्या निर्णयांवर तो आधारलेला आहे त्यांचे विभाग, क्रमांक आणि दिनांक दिलेले असतात, आणि शेवटी त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो. म्हणजे संदर्भांचे संपूर्ण जाळे तेथे हाताने विणून तयार आहे, फक्त त्याला दुवे जोडलेले नाहीत. ते जोडले गेले, तर शिष्यवृत्तीचा किंवा सेवाज्येष्ठतेचा मूळ निर्णय कोणता हे शोधणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला कोणा अनोळखी संकेतस्थळावरील जाहिरातींनी वेढलेली, अर्धवट नक्कल उघडावी लागणार नाही. ज्या निर्णयाचा आधार पुढच्या अनेक निर्णयांनी घेतला आहे त्याचेच अधिकृत पान शोधात वर येण्याची शक्यता वाढेल.